आर्ची स्कॉट ब्राउन: एका हाताचा रेसर गाडी चालवत कसा होता?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मुलाचा उजवा हात जन्मापासून कोपराच्या खाली अर्धवट आहे. तो सतरा वर्षांचा झाला आणि त्याला गाडी शिकायची आहे. कुणीतरी त्याला सांगितलं की ब्रिटनमध्ये असाच हात असलेला एक रेसर होऊन गेला. ते खरं का, आणि खरं असेल तर तो माणूस चालवत कसा होता, त्याचं पुढे काय झालं, हे तुम्हाला हवं आहे. शेवटी एक ओळ तुम्ही जराशी अडखळत लिहिली आहे: ‘त्या हातामुळेच गेला का तो?’

माणूस खरा आहे. आर्ची स्कॉट ब्राउन त्याचं नाव. मी पस्तीस वर्षं पुण्यात गॅरेज चालवतो. निम्मं काम जुन्या ब्रिटिश गाड्या उभ्या करण्याचं आणि निम्मं अपंग चालकांसाठी गाड्यांत बदल करून देण्याचं. या दोन्ही कामांमुळे आर्ची माझ्या फार जवळचा झाला. त्याच्यावर सांगताना लोक एका वाक्यात थांबतात, ‘एक हात नसताना रेस जिंकायचा’, आणि मग टाळ्या. मला तेवढ्यावर थांबायचं नाही, कारण तुमच्या मुलाला टाळ्यांचा काही उपयोग नाही. त्याला ‘कसा’ हे हवं आहे.

आर्चीचा जन्म १३ मे १९२७ चा, स्कॉटलंडमधल्या पेझलीचा. आईला गरोदरपणात रुबेला, म्हणजे जर्मन गोवर झाला होता, हे कारण सांगितलं जातं. त्या आजाराचा पोटातल्या बाळावर परिणाम होतो हे जगाला कळलं १९४१ मध्ये, नॉर्मन ग्रेग नावाच्या ऑस्ट्रेलियन डोळ्यांच्या डॉक्टरमुळे. म्हणजे १९२७ मध्ये त्या आईवडिलांना कुणी काही सांगूच शकत नव्हतं. बाळाचा उजवा हात कोपराच्या थोडा खाली संपत होता. दोन्ही पाय वाकडे, पावलं आत वळलेली. पाय सरळ करायला लहानपणी २२ शस्त्रक्रिया झाल्या. त्यानंतर तो चालायला लागला. उंची शेवटपर्यंत जेमतेम पाच फूट राहिली.

घरात मोटारींचं वेड होतं. वडिलांनी त्याला लहानपणीच गवत कापायच्या यंत्राचं इंजिन बसवलेली छोटी गाडी करून दिली. ही गोष्ट वाचली की मी दर वेळी थांबतो. माझ्याकडे येणारे पालक बहुतेक मुलाचं वय अठरा झाल्यावर येतात, आणि तोपर्यंत मुलाने सायकलचं हँडलही धरलेलं नसतं, कारण ‘पडला तर?’ आर्चीच्या हाताला, म्हणजे हाताच्या त्या टोकाला, दहाव्या वर्षापासून स्टिअरिंगची सवय होती. चाक रस्त्यावरून काय सांगतंय ते त्याच्या कातडीला कळत होतं.

पुढे तो केंब्रिजच्या भागात तंबाखूच्या कंपनीचा विक्रेता म्हणून फिरू लागला. १९५१ च्या सुमारास एमजी टीडी ही छोटी ब्रिटिश स्पोर्ट्स गाडी घेऊन तो शर्यतीत उतरला. टीडी ही गाडी मला आतून-बाहेरून माहीत आहे. १२५० सीसीचं इंजिन, मोठं पातळ स्टिअरिंग, आणि स्टिअरिंगची रचना रॅक-पिनियनची, म्हणजे दातेरी दांडी आणि चाकाची, त्यामुळे चाकांचा प्रत्येक खड्डा-खडा थेट तळव्यात येतो. पॉवर स्टिअरिंगचा प्रश्नच नाही. गिअरची दांडी आखूड, मधल्या उंचवट्यावर, म्हणजे चालकाच्या डाव्या हाताला.

हीच पहिली किल्ली. ब्रिटनमध्ये, आपल्यासारखंच, चालक उजवीकडे बसतो आणि गिअर डाव्या हाताने टाकतो. आर्चीचा धड हात डावा होता. तो फ्रान्सात किंवा अमेरिकेत जन्मला असता तर गिअर उजव्या बाजूला आला असता, आणि सगळं गणित उलटलं असतं. उजवीकडे बसल्यामुळे त्याची कामाची वाटणी अशी झाली: डावा हात स्टिअरिंग धरतो, वळवतो, गिअर टाकायच्या क्षणी डावा हात सुटतो आणि तेवढ्यापुरतं उजव्या हाताचं टोक स्टिअरिंगच्या कडेवर दाबून चाक जागेवर राखतं.

हे ऐकायला सोपं वाटतं. काही वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाची टीडी दुरुस्त होऊन तयार होती, तेव्हा मालकाच्या परवानगीने मी ते करून पाहिलं. उजव्या हाताला कोपरापासून खाली फडकं गुंडाळलं, मूठ आत घेतली आणि गॅरेजमागच्या मोकळ्या प्लॉटवर गाडी फिरवली. घड्याळात तीन वाजतात त्या जागी हात दाबला, डाव्याने दुसरा गिअर टाकला. चाक धरून ठेवणं जमलं. सरळ रेषेत काही अडचण नाही. वळणात मात्र लगेच कळलं की अवघड काम धरण्याचं नाही, सोडण्याचं आहे. आपण बोटांनी चाक धरतो तेव्हा ते हातातून सरकू देतो, पुन्हा पकडतो, दिवसातून हजार वेळा, आणि आपल्याला ते जाणवतही नाही. बोटं नसलेला हात फक्त ढकलू शकतो. उजव्या कडेला वरून खाली ढकललं तर गाडी उजवीकडे, खालून वर ढकललं तर डावीकडे. खेचता येत नाही, सरकवता येत नाही. मधे एक खड्डा आला आणि चाक माझ्या हाताखालून निसटलं. ताशी वीसच्या वेगाला.

आर्ची हे अडीचशे अश्वशक्तीच्या गाडीत करत होता.

मग तो कसा करत असेल? माझा अंदाज सांगतो, आणि त्यामागे माझ्याकडे शिकलेल्या चालकांचा अनुभव आहे. एका हाताचा चांगला चालक सगळी कामं वेगळी करतो. ब्रेक आणि गिअर दोन्ही वळणाच्या आधी, गाडी सरळ असताना उरकायचे. वळणात शिरताना डावा हात पुन्हा चाकावर आलेला असतो आणि त्यानंतर तो सुटत नाही. दोन हातांचा चालक वळणात शिरल्यावरही गिअर खाली टाकतो, चूक सावरतो, कारण त्याच्याकडे शिल्लक असते. आर्चीकडे शिल्लक नव्हती, म्हणून त्याला क्रम चुकवून चालत नव्हतं. आणि दुसरी गोष्ट, तो गाडी पायाने वळवत होता. त्या काळचे क्रॉसप्लाय टायर आजच्यासारखे एकदम सुटत नसत, हळूहळू घसरत. मागची चाकं किती घसरू द्यायची हे ॲक्सिलरेटरने ठरवता येत असे. आर्चीच्या गाडीचा मागचा भाग वळणात बाहेर आलेला आणि पुढची चाकं उलट्या दिशेला, हे त्याचं प्रसिद्ध रूप. बघणाऱ्याला वाटे, गेली गाडी. ती जात नसे.

पाय वाकडे असताना पायाने इतकं बारीक काम? इथे मी तुम्हाला माझ्या गॅरेजमधली गोष्ट सांगतो. कडबाकुट्टीत उजवा हात गेलेला शिरूरकडचा एक तरुण शेतकरी माझ्याकडे आला होता. ट्रॅक्टर तो आधीच एका हाताने चालवत होता. त्याला गाडीत बसवलं, तर पहिल्याच दिवशी त्याने क्लच असा सोडला की गाडीला हिसका नाही. मी विचारलं, कुठे शिकलास? म्हणाला, ‘हात नाही म्हटल्यावर सगळं पायाला आणि बुडाला कळतं.’ सीटमधून गाडी घसरायला लागल्याचं हाताच्या आधी कळतं, हे मी रेसिंगच्या अनुभवी माणसांकडून ऐकलं होतं. त्याने ते मराठीत सांगितलं.

आता ब्रायन लिस्टरकडे यायला हवं, कारण त्याच्याशिवाय आर्चीची कारकीर्द क्लबच्या शर्यतींपुढे गेली नसती. केंब्रिजमध्ये जॉर्ज लिस्टर अँड सन्स नावाचा लोखंडकामाचा कारखाना होता, गेट-कठड्यांपासून यंत्रांपर्यंत सगळं करणारा. ब्रायन त्या घराण्यातला. त्याने जॉन टोजेरो या गाड्या बनवणाऱ्याकडून एक हलकी रेसिंग गाडी करून घेतली, तिला मोटरसायकलचं जेएपी इंजिन होतं, आणि तो स्वतः चालवू लागला. मग त्याने आर्चीला चालवताना पाहिलं. त्यानंतर ब्रायनने जे केलं ते मला माणूस म्हणून फार मोठं वाटतं: हा माझ्यापेक्षा चांगला चालवतो, हे त्याने मान्य केलं, स्वतः सीटवरून उठला आणि आर्चीला बसवलं. गाडी स्वतःच्या पैशाची असताना सीट सोडणारे मालक मी आयुष्यात दोन पाहिलेत.

१९५४ मध्ये लिस्टरने स्वतःच्या नावाची पहिली गाडी तयार केली. एमजीचं इंजिन केंब्रिजच्याच डॉन मूरने तयार केलेलं. एप्रिलमध्ये स्नेटरटनला गाडी पहिल्यांदा उतरली आणि आर्चीने पहिलीच शर्यत जिंकली.

काही दिवसांतच ऑल्टन पार्कला ब्रिटिश एम्पायर ट्रॉफीची शर्यत होती. तिथे एका स्पर्धकाने तक्रार केली: या माणसाला हात नाही, हा इतरांना धोका आहे. अधिकाऱ्यांनी त्याला गाडीतून उतरवलं आणि त्याचा स्पर्धेचा परवाना काढून घेतला. लक्षात घ्या, तोवर तो तीन हंगाम शर्यती खेळत होता. त्याची गाडी कुणावर आदळली म्हणून हे झालं नाही. तो जिंकायला लागला तेव्हा हात दिसला.

या प्रसंगावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण तुमच्या घरात पुढच्या वर्षी हाच प्रसंग येऊ शकतो. एका परवाना कार्यालयात मी माझ्या एका गिऱ्हाइकाबरोबर गेलो होतो. गाडीत सगळे बदल केलेले, कागद पूर्ण. समोरच्या माणसाने गाडीकडे पाहिलंच नाही. हाताकडे पाहिलं आणि म्हणाला, ‘कसं चालवणार हे?’ मी म्हटलं, खाली गाडी उभी आहे, बसून बघा. तो खुर्चीतून उठला नाही. आम्ही तीन खेपा घातल्या. तिसऱ्या खेपेला दुसरा अधिकारी होता. तो खाली आला, शेजारी बसला, दहा मिनिटांत सही झाली. ऑल्टन पार्कच्या अधिकाऱ्यांना ‘हात किती आहे’ हा प्रश्न पडला. ‘गाडी त्याच्या ताब्यात आहे का’ हा प्रश्न पडला असता तर उत्तर त्यांच्या समोरच्या ट्रॅकवर होतं.

आर्चीच्या मागे माणसं उभी राहिली. लॉर्ड हाऊ हे ब्रिटिश मोटार रेसिंगमधलं मोठं प्रस्थ, स्वतः १९३१ चे ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीचे विजेते. त्यांनी बाजू घेतली. डॉक्टरांनी त्याच्या बाजूने मत दिलं. त्याच उन्हाळ्यात परवाना परत मिळाला. जुलैत सिल्व्हरस्टोनला ब्रिटिश ग्रां प्रीच्या दिवशी जी स्पोर्ट्स गाड्यांची शर्यत झाली, तिच्यात त्याने नव्या लिस्टर-ब्रिस्टलमधून, म्हणजे ब्रिस्टलचं इंजिन बसवलेल्या लिस्टरमधून, दोन लिटरचा गट जिंकला. आणि पुढच्या वर्षी, १९५५ मध्ये, जिथे त्याला उतरवलं होतं त्याच ऑल्टन पार्कला, तीच ब्रिटिश एम्पायर ट्रॉफी त्याने जिंकली.

१९५६ मध्ये लिस्टरच्या गाडीत मासेराटीचं इंजिन बसवलं, ते प्रकरण फसलं, त्यात शिरत नाही. त्याच वर्षी मात्र कॅनॉट या छोट्या ब्रिटिश संघाने आर्चीला फॉर्म्युला वन गाडी दिली. कॅनॉटची बी-टाइप आणि आर्ची ही जोडी मला तांत्रिकदृष्ट्या फार रोचक वाटते. त्या गाडीला प्रीसिलेक्टर गिअरबॉक्स होता. आपल्याकडे तो आता कुणी पाहिलेला नसतो, म्हणून सांगतो. त्यात पुढचा गिअर आधीच एका लहान दांडीने ठरवून ठेवायचा. गिअर तेव्हा बदलत नाही. मग हवा त्या क्षणी पायाखालचं पेडल दाबलं की ठरवलेला गिअर पडतो. म्हणजे सरळ रस्त्यावर, हाताला उसंत असताना निवड करून ठेवायची आणि वळणाच्या तोंडाशी हात चाकावरच ठेवून नुसता पाय वापरायचा. आर्चीसाठी हा गिअरबॉक्स कुणी बनवला नव्हता, कॅनॉट तो आधीपासून वापरत होती. पण एका हाताच्या माणसासाठी मला सांगून बनवायला लावला असता तर मी वेगळा काही केला नसता.

ईस्टरला गुडवुडच्या ग्लोव्हर ट्रॉफीत आर्चीने सुरुवातीला स्टर्लिंग मॉसच्या मासेराटीला मागे ठेवलं. मॉस म्हणजे त्या वेळचा ब्रिटनचा पहिल्या क्रमांकाचा चालक. पुढे आर्चीचे ब्रेक झिजले आणि मग इंजिनाने दम सोडला, मॉस जिंकला. पण ती पहिली काही चक्करं ज्यांनी पाहिली त्यांना पुन्हा ‘हात’ हा विषय काढायची गरज पडली नाही. मे महिन्यात सिल्व्हरस्टोनच्या इंटरनॅशनल ट्रॉफीत तो मॉसच्या व्हॅनवॉल या ब्रिटिश गाडीच्या मागे दुसरा आला. जुलैत ब्रिटिश ग्रां प्री. सुरुवातीच्या रांगेत दहावा होता आणि सोळाव्या चक्करीला गाडीचं चाक निखळून शर्यत संपली. जागतिक अजिंक्यपदाच्या नोंदीत आर्ची स्कॉट ब्राउन या नावापुढे एवढी एकच शर्यत आहे. म्हणून तो विस्मरणात गेला. पन्नासच्या दशकातले चालक आपण अजिंक्यपदाच्या तक्त्यावरून ओळखतो आणि तिथे त्याच्या नावासमोर शून्य गुण दिसतात.

दुसरी शर्यत व्हायला हवी होती. सप्टेंबरात कॅनॉट संघ इटालियन ग्रां प्रीला मोंझाला गेला, पण हाताच्या कारणावरून आयोजकांनी आर्चीला घेतलं नाही. त्या शर्यतीत रॉन फ्लॉकहार्टने कॅनॉट तिसऱ्या क्रमांकावर आणली. आर्चीने काय केलं असतं ते सांगता येत नाही, पण गाडी तिसरी येण्याइतकी चांगली होती, हे तर कागदावर आहे. ऑक्टोबरात ब्रँड्स हॅचला फॉर्म्युला वनची एक शर्यत झाली, अजिंक्यपदाबाहेरची. ती आर्चीने जिंकली. नंतर १९५७ मध्ये कॅनॉटने पैशाअभावी रेसिंग बंद केलं.

आता १९५७. हे वर्ष समजून घेतल्याशिवाय त्याची थोरवी कळत नाही. लिस्टरने नवी गाडी केली: जाळीदार नव्हे, जाड नळ्यांची साधी दणकट चेसिस, म्हणजे सांगाडा, मागे दोन्ही चाकं एका नळीने जोडणारा द-डियन ॲक्सल, चारही चाकांना डिस्क ब्रेक, आणि पुढे डी-टाइप या जग्वारच्या रेसिंग गाडीचं सहा सिलिंडरचं इंजिन, ३.४ लिटर. या गाडीचं शरीर इतकं बुटकं की इंजिनाचा उंचवटा आणि चाकांवरचे फुगवटे वर आलेले दिसतात; चालक त्यांच्या मधून बघतो. आर्ची पाच फुटांचा, त्यामुळे फोटोत त्याचं हेल्मेटच काय ते दिसतं. मी जग्वारचं ते इंजिन दोनदा उघडलंय, डी-टाइपमधलं नव्हे, त्याच घराण्यातलं रस्त्यावरच्या गाडीचं. लोखंडी ब्लॉक, वर ॲल्युमिनियमचं हेड, दोन कॅमशाफ्ट. ॲक्सिलरेटर दाबला की ताकद लगेच, खालच्या फेऱ्यांपासून येते. मागची चाकं पायाने खेळवणाऱ्या चालकाला नेमकं हेच लागतं.

त्या हंगामात आर्ची १४ शर्यतींत उतरला आणि ११ जिंकला. ऑल्टन पार्कची एम्पायर ट्रॉफी त्यात पुन्हा एकदा. आणि ॲस्टन मार्टिनचे कारखान्याचे संघ समोर असताना, केंब्रिजच्या लोखंडकामवाल्याच्या गाडीतून. इतक्या सातत्याने जिंकणं हे गाडीचं यश की चालकाचं, असा वाद लोक घालतात. मी तो घालत नाही. ती गाडी त्याच्या मापाने तयार होत गेली आणि तो तिच्यात वाढत गेला. माझ्या कामात मला रोज दिसतं की चालक आणि बदल करणारा मिस्त्री एकमेकांना ओळखत असले तर तिसऱ्या भेटीला गाडी बसते. अनोळखी असले तर दहाव्या भेटीलाही बसत नाही.

१९५८ च्या सुरुवातीला तो न्यूझीलंडला गेला. क्राइस्टचर्चजवळच्या विग्रम विमानतळावर लेडी विग्रम ट्रॉफी होती. समोर एकआसनी रेसिंग गाड्या, याच्याकडे दोन सीटची स्पोर्ट्स गाडी. तो जिंकला. विमानतळ म्हटल्यावर एक जोडून सांगतो. स्नेटरटन, सिल्व्हरस्टोन, गुडवुड, हे सगळे युद्धातले विमानतळ. रेसिंगला ते युद्धानंतर आयते मिळाले. मी तरुणपणी मद्रासजवळच्या शोलावरमला मेकॅनिक म्हणून जात असे, तीही युद्धातलीच धावपट्टी. तिथे सिमेंटच्या दोन पट्ट्यांमधल्या सांध्यावरून गाडी गेली की स्टिअरिंगला एक टोला बसतो. चालक उतरल्यावर तळवे लाल असायचे. विग्रमबद्दल वाचलं की मला ते तळवे आठवतात, आणि आर्चीला असा तळवा एकच होता हेही.

मार्चमध्ये अमेरिकेत सेब्रिंगची बारा तासांची शर्यत. सुरुवातीच्या चक्करांतच मागून येणारी एक फेरारी त्याच्या लिस्टरच्या शेपटावर चढली. तो बचावला, गाडीचं काम तिथेच संपलं.

आणि मग स्पा. तुमच्या त्या शेवटच्या ओळीचं उत्तर इथे आहे, म्हणून नीट सांगतो.

१८ मे १९५८, बेल्जियममधलं स्पा-फ्रांकोर्शां. तेव्हाचा तो ट्रॅक १४ किलोमीटरचा, गावांमधून, शेतांच्या कडेने जाणारे रोजच्या वापराचे रस्ते जोडून केलेला. कडेला घरं, खांब, झाडं, रस्त्याच्या पाट्या. अडथळ्याच्या आधी मोकळी जागा नाही. त्या डोंगराळ भागात एका टोकाला ऊन आणि दुसऱ्या टोकाला पाऊस हे नेहमीचं. आर्ची लिस्टर-जग्वारमध्ये आणि अमेरिकन मास्टन ग्रेगरी एकुरी एकॉस या स्कॉटिश संघाच्या दुसऱ्या लिस्टर-जग्वारमध्ये, दोघांची पुढे-मागे झुंज चालली होती. ला सूर्स या वळणाच्या अलीकडे, क्लबहाउसच्या वळणाजवळ रस्ता ओला झाला होता. आर्चीची गाडी घसरली, रस्त्याकडेच्या खांबाला लागली, बाहेर गेली आणि तिने पेट घेतला. दुसऱ्या दिवशी, १९ मे रोजी, दवाखान्यात त्याचा मृत्यू झाला. एकतीस वर्षं पूर्ण होऊन सहा दिवस झाले होते.

ती जागा अशी की तिथे जवळच रिचर्ड सीमनची आठवण म्हणून दगड उभा होता. सीमन मर्सिडीजचा ब्रिटिश चालक, १९३९ च्या बेल्जियन ग्रां प्रीत आघाडीवर असताना पावसात याच भागात घसरला, झाडावर गेला आणि भाजून मेला. त्याचे दोन्ही हात धड होते. तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर: नाही. ओला रस्ता, दोन तुल्यबळ गाड्यांची चुरस, आणि चूक झाली तर सावरायला एक फूटही जागा न देणारा ट्रॅक. त्या वर्षांत दोन हात असलेले कितीतरी चालक असेच गेले. आर्चीच्या परवान्यावर हरकत घेणाऱ्यांना ज्या प्रकारचा अपघात होईल अशी भीती होती, चाक हातातून निसटणं, गिअर टाकताना ताबा जाणं, तसा अपघात त्याच्या सात-आठ वर्षांच्या कारकिर्दीत झाल्याचं माझ्या वाचनात कुठेही आलेलं नाही.

ब्रायन लिस्टर इतका खचला की रेसिंग तिथेच सोडायच्या बेतात होता. कसाबसा पुढे चालू राहिला. १९५९ मध्ये त्याच्या संघातून चालवणारा आयव्हर ब्यूब फ्रान्समधल्या क्लेरमाँ-फेराँला एका दुसऱ्या गाडीच्या अपघातात मरण पावला, आणि त्या वर्षी ब्रायनने संघ बंद केला.

आता मुलाविषयी. त्याचं वय सतरा म्हणजे शिकाऊ परवान्याला थोडा अवकाश आहे, तो वेळ वाया घालवू नका. आर्चीने जे केलं ते त्याला जसंच्या तसं करायचं नाही, कारण आज ऑटोमॅटिक गाडी मिळते. गिअरसाठी डावा हात सोडायचं कारणच उरत नाही. स्टिअरिंगवर ट्रॅक्टरला असते तशी फिरती मूठ बसवायची. डाव्या हातासाठी ती घड्याळातल्या दहाच्या आसपास बसते, पण नक्की जागा त्याला सीटवर बसवूनच ठरते, कोपर साधारण काटकोनात राहिला पाहिजे. दुसरी गोष्ट फार जण विसरतात: इंडिकेटर. जपानी आणि कोरियन घडणीच्या गाड्यांत इंडिकेटरची दांडी स्टिअरिंगच्या उजवीकडे असते. डाव्या हाताने मूठ फिरवत असताना तिथे पोचता येत नाही. युरोपियन घडणीच्या गाडीत ती डावीकडे असते, किंवा आम्ही उजवीकडच्या दांडीला जोडदांडी लावून डावीकडे आणतो. गाडी घ्यायची ठरवलीत तर रंग आणि मायलेजच्या आधी हे बघा. बदल केल्यावर आरसी बुकात त्याची नोंद करून घ्यायची, आणि परवान्याच्या परीक्षेला तीच गाडी न्यायची.

उजवा हात बाजूला ठेवू नका. त्याला म्हणावं, आत्तापासून घरातली जड दारं, ड्रॉवर त्या हाताच्या टोकाने ढकल, सायकलवर हँडलच्या उजव्या टोकाशी तो हात टेकव. कातडी आणि खांदा तयार व्हायला वर्ष लागतं. चाक राखायला तो हात चांगला मदत करतो, हे मी सहा-सात चालकांत पाहिलंय.

शनिवारी दुपारनंतर गॅरेजमध्ये गर्दी नसते. त्याला घेऊन या, येताना फुल बाह्यांचा शर्ट नको, मला कोपरापासून टोकापर्यंतचं माप घ्यायचं आहे, हात दुमडून एकदा आणि सरळ ठेवून एकदा. सध्या एक टीडी चाकांवर उभी आहे, इंजिन अजून बाहेरच आहे. तिच्या सीटवर तो बसू शकतो. उजवा हात तीनवर दाबून, डाव्याने गिअर किती अंतरावर लागतो ते त्याचं त्याला बघू दे.